लोज्जाला मराठीत काय म्हणावे?

मृण्मयी
इटलीतल्या टस्कनी प्रांतातल्या घरांवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. सिएनाजवळ जुन्या शेतघराच्या धर्तीवर पाच जणांच्या कुटुंबासाठी घर कसे आखावे, असा विषय. 'लोज्जा'पाशी अडले. वर छप्पर, मागे भिंत, पुढची बाजू कमानींनी उघडी. मी 'पडवी' लिहिले, संपादकांनी खोडून 'व्हरांडा' केले. तुम्ही काय लिहिले असते?

दापोलीकर
पडवी नको, ताई. पडवी घराला बाहेरून जोडलेली असते, छप्पर उतरते. आजी आमच्या पडवीत लाकडे रचायची. लोज्जा घराच्या पोटात असतो. 'ओटी' म्हणा.

कृष्णाकाठ
देशावर ओटी म्हटले की खणानारळाची ओटीच आठवते! 'सोपा' चालेल. वाड्याचा सोपा असाच चौकाकडे उघडा असतो, फक्त कमानींच्या जागी लाकडी खांब.

मृण्मयी
पण सोपा खाली असतो. त्या शेतघरांत तळमजल्यावर गुरे आणि अवजारे, माणसे वर. बाहेरून दगडी जिना चढायचा आणि जिन्याच्या माथ्यावर लोज्जा.

शब्दवेडा
मग लोज्जाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात समजावून सांगा. तो इटालियनांचा तरी कुठे? मूळ जर्मानिक, 'लॉबी' आणि 'लॉज' त्याच कुळातले. शब्द फिरतात, फिरू द्यावेत.

दापोलीकर
म्हणजे सगळेच उसने आणायचे? उद्या तिकडच्या इम्प्रुनेता गावच्या लाल फरश्यांना 'कोत्तो' म्हणाल. कोत्तो म्हणजे नुसते 'भाजलेले', टेराकोटातला कोटा तोच. आपण भाजीव वीट म्हणतो, मग भाजीव फरशी म्हणायला काय हरकत? आणि त्यांच्या छपरावरचे 'कोप्पी' म्हणजे आपले नळे, अगदी तसेच अर्धगोल. हे शब्द आपण वापरले नाहीत तर नातवंडांना कळणारच नाहीत.

मृण्मयी
भाजीव फरशी आवडली, घेते. पुढे 'मेद्झाद्रिया' आहे. मालक जमीन आणि घर देतो, कुटुंब राबते, पीक निम्मे निम्मे. मेद्झो म्हणजे अर्धा. 'बटाई' लिहू?

कृष्णाकाठ
बटाई हिंदी वळणाचा आहे. 'अर्धेली' लिहा, मेद्झोतला अर्धा त्यात जसाच्या तसा येतो. आणि हा शब्द लेखात ठळक यायला हवा, कारण ती घरे एवढी मोठी होती ती त्यामुळेच. जमीन कसायला हात लागत, म्हणून भाऊ, सुना, मुले सगळे एका छपराखाली. 1964च्या कायद्याने असे नवे करार बंद झाले. कुळे शहरांकडे निघाली होतीच, घरे ओस पडली. आज त्याच घरांच्या नकला होतात. पाच जणांसाठी तेवढे घर आखताना हे माहीत असलेले बरे.

शब्दवेडा
बटाई हिंदी म्हणून टाकायचा? विदर्भात माझ्या मामांची शेती बटईनेच होती. मराठीच बोलायचे ते.

दापोलीकर
आमच्याकडे 'अर्धल'.

कृष्णाकाठ
आमच्याकडे बोलताना 'वाट्याने लावली'. अर्धल प्रथमच ऐकला. ती जमीन की हिस्सा?