चंद्रकांत मांढरे: राजबिंड्या चेहऱ्यापलीकडे

मराठी चित्रपटांतले नायक चंद्रकांत मांढरे यांच्याबद्दल 'ऐतिहासिक पोशाख आणि करारी संवाद, एवढ्यावरच ते चालले' असं कुणीतरी लिहिलंय, ते काही पटलं नाही. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या 'छत्रपती शिवाजी'तले (1952) महाराज सगळ्यांना आठवतात, पण त्याच्या कितीतरी आधी प्रभात फिल्म कंपनीच्या 'शेजारी'त (1941) ते होतेच की, तेही साध्या गावच्या गोष्टीत.

शिवाय त्यांच्याबद्दल बोलताना त्यांचा दुसरा पेशा राहूनच जातो. हा माणूस हाडाचा चित्रकार होता! कोल्हापुरात राजारामपुरीतला आपला राहता बंगला त्यांनी चित्रांसकट सरकारला देऊन टाकला. आज तिथे त्यांचं कलासंग्रहालय आहे. तिथली पावडर शेडिंगची निसर्गचित्रं जवळून बघा. ब्रशचा फटकारा कुठेच दिसत नाही, नुसती भुकटी चोळून चोळून धुकं, झाडं, पाण्यावरचा उजेड उभा केलाय. चित्रकार आणि चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या कोल्हापूरचा हा वारसा, पडदा आणि कुंचला दोन्ही एकाच हातात. नायक म्हणून इतकं नाव कमावल्यावरही रंगांशी अशी निष्ठा ठेवणारे नट मला तरी फार आठवत नाहीत. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून तिथे जरूर जावं. आपल्याच गावातल्या कित्येकांनी ते अजून आतून बघितलेलं नाही, याचं फार वाईट वाटतं.