सिरा की शिराझ: या द्राक्षाची ओळख कोठून करून घ्यावी?

नीरक्षीर (धागालेखक)

लाल वाइनच्या द्राक्षांची ओळख करून देणारे एक टिपण मी काही मित्रांसाठी लिहीत होतो आणि ‘शिराझ’पाशी येऊन अडलो. आपल्याकडे हे नाव घेतले की बहुतेकांच्या मनात गडद, दाट, पिकलेल्या जांभळाची आठवण करून देणारी, किंचित गोडसर भासणारी आणि व्हॅनिलाचा वास असलेली वाइन उभी राहते. माझे मत असे आहे की हा स्वभाव मुळात द्राक्षाचा नाही, तो कडक उन्हाचा आणि वाइन मुरवण्याच्या नव्या ओक लाकडी पिंपाचा आहे. ज्याला हे द्राक्ष समजून घ्यायचे आहे त्याने सुरुवात फ्रान्समधील ऱ्होन नदीच्या उत्तर खोऱ्यापासूनच करावी, कारण तेथे याच द्राक्षाला ‘सिरा’ म्हणतात आणि तेच त्याचे माहेर आहे.

माहेर हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. इराणमधील शिराझ शहरातून एका धर्मयोद्ध्याने हा वेल फ्रान्समध्ये आणला, ही कथा वर्षानुवर्षे सांगितली गेली. 1998 मध्ये जनुकीय तपासणीतून या द्राक्षाचे आईबाप सापडले आणि ती कथा मागे पडली. आर्देश भागातील द्युरेझा हे काळे द्राक्ष आणि सावोय भागातील मोंदूझ ब्लांश हे पांढरे द्राक्ष यांच्या संकरातून सिरा जन्मले. हे दोन्ही प्रदेश ऱ्होनच्या आसपासचे असल्यामुळे त्याचा जन्म त्याच परिसरात झाला असे मानायला हरकत नाही.

उत्तर ऱ्होनमध्ये लाल वाइनसाठी हे एकच काळे द्राक्ष मान्य आहे, त्यामुळे जमीन बदलली की वाइन कशी बदलते हे तेथे स्वच्छ दिसते. कोत रोतीच्या अभ्रकमिश्रित खडकाच्या चढावर, जेथे प्रत्येक वेल काठीला बांधावा लागतो, तेथून येणाऱ्या वाइनला जांभळ्या व्हायोलेट फुलांचा आणि धुरकट मांसाचा वास असतो. एर्मिताजची टेकडी जेमतेम 140 हेक्टरांची आहे, पण तिच्या पश्चिमेकडील ग्रॅनाइटवरची वाइन इतकी घट्ट असते की 19व्या शतकात फ्रान्समधीलच बोर्दो या वाइन-प्रदेशाचे व्यापारी आपल्या फिक्या वाइनला बळ देण्यासाठी ती उघडपणे मिसळत असत. कोर्नासमध्ये दुसरे कोणतेही द्राक्ष मिसळायला परवानगी नाही, आणि तेथील तरुण वाइनचा तुरटपणा काही वर्षे थांबल्याशिवाय उतरत नाही. या तिन्ही ठिकाणी एक धागा समान आहे, तो म्हणजे काळ्या मिऱ्याचा वास, आणि नवशिक्याने सर्वात आधी ओळखावा असा तोच वास आहे.

ज्यांना एर्मिताजची किंमत झेपणार नाही (मलाही ती झेपत नाही), त्यांनी त्याच टेकडीच्या भोवती पसरलेल्या क्रोझ-एर्मिताजपासून सुरुवात करावी. मतभेद असल्यास कारणांसह मांडावेत, ही विनंती.

अ‍ॅडलेडकर

नीरक्षीर यांचे टिपण अभ्यासपूर्ण आहे, परंतु त्यातील ‘माहेर’ या युक्तिवादाला माझा ठाम विरोध आहे. गेली अनेक वर्षे मी दक्षिण ऑस्ट्रेलियात राहतो, आणि बरोसा खोरे माझ्या घरापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे.

जन्म कोठे झाला हे मान्य केले, तरी म्हातारे वेल कोठे उरले हाही प्रश्न विचारायला हवा. द्राक्षवेलीच्या मुळांतील रस शोषणारा फिलॉक्सेरा हा मावावर्गीय कीटक 1860 च्या दशकात दक्षिण ऱ्होनमध्येच प्रथम दिसला आणि पुढच्या काही दशकांत त्याने फ्रान्समधील बागा संपवल्या. आज ऱ्होनमध्ये जे सिरा आहे ते जवळजवळ सगळे या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी वेलाच्या खुंटावर कलम केलेले आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात तो कीटक आजतागायत पोहोचलेला नाही. जेम्स बस्बी यांनी 1832 मध्ये युरोपातून जमवलेल्या काड्या सिडनीला आणल्या, त्यांत हे द्राक्ष होते, आणि बरोसात 1843 मध्ये लावलेले शिराझचे वेल स्वतःच्या मुळांवर उभे राहून अजूनही घड देतात. तेथे 2009 पासून वेलांच्या वयाची सनद आहे आणि तिच्यात 125 वर्षांहून जुन्या वेलांना ‘पूर्वज’ असा वेगळा दर्जा दिलेला आहे. अशा वेलाजवळ उभे राहून त्याच्या खोडाला हात लावून पाहिलेला माणूस ‘ऑस्ट्रेलियातले शिराझ म्हणजे बिघडलेले सिरा’ असे म्हणू शकणार नाही.

दुसरा मुद्दा पिंपाचा. नव्या ओकचा दोष केवळ आमच्या माथी मारणे अन्यायाचे आहे, कारण कोत रोतीतील ज्या तीन बागांच्या वाइन जगभर अतिशय महाग विकल्या जातात, त्या ला मुलीन, ला लांदोन आणि ला त्युर्क या वाइन 42 महिने नव्या ओकमध्ये मुरवल्या जातात. उलट पेनफोल्ड्स या ऑस्ट्रेलियातील वाइन कंपनीच्या मॅक्स शुबर्ट यांनी 1950 मध्ये बोर्दो पाहून येऊन 1951 मध्ये ग्रेंज ही वाइन बनवायला घेतली, तेव्हा त्यांचा हेतू शिराझपासून दीर्घकाळ टिकणारी वाइन करण्याचा होता. 1957 मध्ये वरिष्ठांनी काम थांबवण्याचा हुकूम दिला, तरी त्यांनी तीन वर्षे ती गुपचूप बनवली, आणि 1960 मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली. एखाद्या द्राक्षावर इतका विश्वास टाकणाऱ्या प्रदेशाला मार्गदर्शिकेतून वगळता येत नाही.

आणि मिरीच हवी असेल तर ती ऑस्ट्रेलियातही आहे. कॅनबेराच्या परिसरात, सुमारे 600 मीटर उंचीवर, 1992 पासून व्हिओनिये या पांढऱ्या द्राक्षाबरोबर एकत्र आंबवलेले शिराझ तयार होते, आणि त्याची प्रेरणा कोत रोतीच होती. शिवाय कडक ऊन केवळ आमच्याकडेच पडते असे नाही; 2003 च्या उष्णतेच्या लाटेत उत्तर ऱ्होनमधील तोडणी ऑगस्टमध्येच सुरू करावी लागली होती, हेही येथे लक्षात घ्यावे.

रसायनी

मी नागपुरात अन्नपदार्थांच्या प्रयोगशाळेत काम करते. दोन्ही प्रतिसादांत ज्या मिऱ्याच्या वासाविषयी चर्चा चालू आहे, तो वास नेमका कशाचा हे सांगितल्याशिवाय हा वाद पुढे जाणार नाही.

ऑस्ट्रेलियातील वाइन संशोधन संस्थेने 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामानुसार शिराझमधील हा वास रोटंडोन नावाच्या संयुगाचा आहे, आणि हेच संयुग आपल्या स्वयंपाकघरातल्या काळ्या मिऱ्यातही असते. ते मुख्यतः मण्याच्या सालीत तयार होते, द्राक्ष पिकण्याच्या शेवटच्या टप्प्यात वाढते, आणि थंड हवेत, तसेच पानांच्या सावलीतील घडांत त्याचे प्रमाण जास्त आढळते. म्हणजे नीरक्षीर यांचे निरीक्षण चुकीचे नाही, परंतु त्यामागचे कारण ‘माहेर’ नसून तापमान आहे, आणि म्हणूनच कॅनबेराच्या डोंगराळ भागातही तीच मिरी भेटते.

लाल वाइनमध्ये एका लिटरला केवळ 16 नॅनोग्रॅम एवढे प्रमाण असले तरी माणसाला हा वास कळतो. मात्र त्याच अभ्यासात वास घेणाऱ्या सुमारे 20 टक्के व्यक्तींना, पाण्यात कितीतरी पट जास्त प्रमाण असतानाही, तो अजिबात जाणवला नाही. यात त्यांच्या समजेची किंवा सवयीची उणीव नाही. अशा वाचकाला ‘मिरीचा वास ओळखता आला म्हणजे सिरा कळले’ असे सांगितले, तर तो महागडी बाटली समोर ठेवून स्वतःला अडाणी समजत बसेल. मार्गदर्शिका लिहिणाऱ्याने ही गोष्ट पहिल्या पानावर लिहावी असे मला फार वाटते.

नीरक्षीर

रसायनी यांचे मनापासून आभार. हे 20 टक्क्यांचे प्रमाण मला ठाऊक नव्हते, आणि माझ्या टिपणातील मिरीविषयीचे वाक्य मी बदलणार आहे.

अ‍ॅडलेडकर यांचा वेलांच्या वयाचा मुद्दा मी मान्य करतो, आणि तीन बागांच्या पिंपांविषयीचाही. तरीही माझा मूळ आग्रह मी सोडत नाही. त्याचे कारण अभिमान नसून शिकण्याचा क्रम आहे. ज्या वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण साडेचौदा-पंधरा टक्क्यांपर्यंत जाते आणि फळ अतिपक्व असते, तिच्यात बागेबागेतला फरक नवशिक्याच्या जिभेला सापडत नाही. साडेबारा-तेरा टक्क्यांच्या क्रोझमध्ये आंबटपणा, तुरटपणा आणि सुगंध हे तिन्ही घटक वेगवेगळे ओळखता येतात. गाणे शिकणाऱ्याला आपण आधी साधे अलंकारच देतो.

शिवाय ‘ऑस्ट्रेलियात म्हातारे वेल जपले’ हे चित्रही पूर्ण नाही. 1980 च्या दशकात मागणी घटल्यावर दक्षिण ऑस्ट्रेलियातील सरकारने वेल उपटण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे दिले, आणि त्यात शंभर-शंभर वर्षांचे शिराझ गेले. त्याच्या थोडे आधी कोत रोतीही मरणपंथालाच लागली होती. 1970 च्या सुमारास तेथे जेमतेम 70 हेक्टर बाग उरली होती, कारण त्या चढावर कष्ट करण्यापेक्षा खाली सपाटीवर फळझाडे लावणे परवडत होते. दोन्हीकडे हे द्राक्ष थोड्याच लोकांच्या हट्टामुळे वाचले.

दिंडोरीचा बागायतदार

हा सगळा वाद मी दोन दिवस वाचतो आहे. माझ्याकडे पावणेदोन एकर शिराझ आहे, म्हणून चार गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

तुम्ही दोघेही ज्या प्रदेशांविषयी बोलता तेथे वेल हिवाळ्यात झोपतो, त्याची वर्षातून एकदा छाटणी होते, आणि द्राक्ष पिकायला लागते तेव्हा दिवस थंड होत जातात. आमच्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून आम्ही काडी तयार करतो, पावसाळाभर भुरी आणि डाऊनी या बुरशीच्या रोगांपासून पाने वाचवतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी घेतो. द्राक्ष पिकते ते जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत, म्हणजे हवा रोज तापत जात असताना. जानेवारीतली रात्र 10 अंशांपर्यंत उतरते आणि तेव्हा घडात आंबटपणा छान टिकतो. फेब्रुवारी सरताना मात्र तो आठवड्याभरात उतरतो. त्यात शिराझचा मणी पूर्ण पिकला की वेलावरच सुरकुतू लागतो, त्यामुळे तोडणीसाठी मिळणारे दिवस फार थोडे असतात. ऱ्होनची किंवा बरोसाची मार्गदर्शिका वाचून आमच्या बागेतला एकही निर्णय घेता येत नाही.

आता राग नसलेली एक तक्रार. घड तोडून पाठवले की कारखान्यात साखर मोजतात आणि ब्रिक्सवर, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापावर, भाव ठरतो. सालीतला वास कोणी मोजत नाही. साखरेवर पैसे मिळणार असतील तर शेतकरी घड उन्हात उघडा ठेवणार आणि चार दिवस उशिराच तोडणार, आणि मग वाइन दाट व गोडसर लागली तर त्यात नवल नाही. रसायनीताईंनी सावलीतल्या घडांविषयी लिहिले ते वाचून मी बराच वेळ विचार करत राहिलो, कारण पाने विरळ करताना आम्हाला त्याच्या नेमके उलटे शिकवले गेले आहे. अर्थात पावसाळी हवेत घड झाकून ठेवला तर भुरी येते, हेही खरेच आहे.

वेल उपटण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. 2008 नंतर वाइनची मागणी बसली तेव्हा आमच्या शिवारात कित्येकांचा माल पडून राहिला, आणि लोकांनी चार-पाच वर्षांचे शिराझ उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. माझ्या थोरल्या भावानेही उपटले. माझा वेल राहिला तो केवळ उपटायला त्या वर्षी पैसे नव्हते म्हणून.

अ‍ॅडलेडकर

दादा, तुमचा प्रतिसाद वाचून माझे निम्मे मुद्दे मला अपुरे वाटू लागले आहेत. पिकण्याच्या काळात हवा कोणत्या दिशेने जाते हा फरक मी इतक्या वर्षांत एकदाही विचारात घेतला नव्हता. बरोसातही तोडणी उन्हाळा उतरताना होते, वर चढताना नाही.

मात्र नीरक्षीर यांच्या ‘साधे अलंकार आधी’ या म्हणण्याशी मी अजूनही सहमत नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकाला जी बाटली सहज मिळते ती नाशिकची आहे, आणि तिच्यातले ऊन, साखर, पिंप हे सारे ओळखायला शिकवणारी मराठी मार्गदर्शिका क्रोझपासून सुरू झाली तर वाचक पहिल्या पानावरच परका होईल. सुरुवात दिंडोरीपासून करा, मग बरोसा घ्या आणि ऱ्होन शेवटी ठेवा.

नीरक्षीर

क्रम उलटा करायला मी अजून तयार नाही. परंतु दिंडोरीच्या प्रकरणाशिवाय टिपण पुरे होणार नाही, हे मान्य. बागायतदार दादा, एकाच बागेतले काही घड दहा दिवस आधी तोडून त्यांची वाइन वेगळी करून पाहिली आहे का?

दिंडोरीचा बागायतदार

वेगळी वाइन कधी केली नाही, कारण माल एकत्रच जातो. पण पूर्वेकडच्या सहा ओळींवर दुपारनंतर आंब्याची सावली येते आणि तेथील मणी दर वर्षी उशिरा रंगतात. या फळछाटणीनंतर त्या ओळींची पाने मी विरळ करणार नाही आणि भुरीसाठी फवारणीकडे जास्त लक्ष देईन. फेब्रुवारीत त्यांचे घड निराळ्या क्रेटमध्ये तोडतो. गावातल्या एका ओळखीच्या वाइनमेकरने 50 लिटरच्या भांड्यात ते आंबवून द्यायचे कबूल केले आहे. रसायनीताई, साली तपासायला पाठवायच्या झाल्या तर किती आणि कशा पाठवाव्यात, तेवढे येथेच लिहून ठेवा.