पोस्ट डिलीट केली, तरी नाव सर्च केलं की दिसतेच. का?

प्रश्न: जुन्या पोस्टमध्ये पूर्ण नाव, मोबाइल नंबर आणि घराचा पत्ता होता. पान आता उघडत नाही, पण गुगलवर खालच्या दोन ओळींत नंबर अजून वाचता येतो. काय करायचं?

पिंपळपान: गुगल पान पुन्हा तपासत नाही तोवर जुना मजकूर दाखवत राहतं. 'रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट' या टूलमध्ये पानाची लिंक टाका. मूळ पान उडालेलं किंवा बदललेलं असेल तरच ते चालतं. पान चालू असताना लोक हेच भरतात आणि मग नकार येतो. पान चालू असेल तर वैयक्तिक माहिती हटवण्याचा वेगळा अर्ज आहे. तो मंजूर झाला तरी माहिती फक्त सर्चमधून जाते, साइटवरून नाही.

दुर्बीण: वेबॅक मशीनही बघा, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारी साइट. तिथे प्रत सापडली तर ती साइट चालवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेला ईमेल करावा लागतो. आणि बदनामीकारक मजकूर असेल तर आधी पुरावा घ्या: पूर्ण लिंक, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट. रिपोर्ट केल्यावर मजकूर उडाला की हातात काहीच उरत नाही. खाली भांडत बसू नका, प्रत्येक कमेंटने पोस्ट आणखी वर येते.

पिंपळपान: पीडीएफमधल्या नंबरावर नुसती काळी पट्टी ओढू नका. ओळ सिलेक्ट करून दुसरीकडे पेस्ट केली की खालचे आकडे जसेच्या तसे बाहेर पडतात!

दुर्बीण: फोटोंचंही तेच. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला, तर कॅमेऱ्याने नोंदवलेलं लोकेशन सोबत जातं.