मदत हवी आहे: रायफलच्या पुंगळ्या किती वेळा भरता येतात?

अधीर नेम
उद्या सकाळी रेंजवर जायचंय, म्हणून घाई. पुंगळ्या (उडवलेल्या काडतुसांची पितळी कवचं) पाचव्यांदा भरायला काढल्या तर तिघींवर बुडाच्या जरा वर गोल चकचकीत कडं दिसतंय. बाकीच्या ठीक. एक आकडा सांगा: पाच, दहा की वीस?

जुना लेथवाला
कॅलिबर? रायफल कोणती? डायमधून (पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणारा साचा) पूर्ण काढता की फक्त मान (तोंडाकडचा अरुंद भाग)? पुंगळ्या तुमच्याच रायफलीतल्या की रेंजवर वेचलेल्या?

अधीर नेम
पॉइंट ३०८, बोल्ट अ‍ॅक्शन. डाय नेहमीचीच. आकडा द्या ना राव.

रविवारचा नेमबाज
मी एकेक पुंगळी १५ वेळा भरलीय. दर तीन फेऱ्यांनी मान तापवून घ्यायची, विषय संपला. पुंगळ्या मानेतच तडकतात.

जुना लेथवाला
इथे मानेचा प्रश्नच नाही, बुड सुटायला आलेलं असू शकतं. मान तडकली तर एक पुंगळी जाते. बुड सुटलं तर गरम वायू बोल्टकडून (नळी मागून बंद करणारा दांडा) थेट तोंडावर येतो. आणि तापवताना धग बुडापर्यंत गेली तर पितळ मऊ पडतं, ती पुंगळी भंगारातच घाला.

अधीरभाऊ, डाय जिथे थांबते तिथेही कडं उठतं, म्हणून आतून बघा. पेपरक्लिप सरळ करा, टोकाला छोटी आकडी वळवून तिचं टोक घासून अणकुचीदार करा. आत बुडापर्यंत नेऊन भिंतीला घासत वर ओढा. कड्यापाशी अडकली तर आत खाच आहे.

पितळवेडा
धुता कशाने? अमोनियावालं काही वापरत नाही ना? १९ व्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं तबेल्यात ठेवत, ती पावसाळ्यात आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया! कोडं सुटलं १९२१ मध्ये.

रविवारचा नेमबाज
इथे तबेला कुठे आला? चकाकी हवी तर अक्रोडाच्या कवचाचा भुसा घ्या.

अधीर नेम
चकाकी कोणी मागितली? तार तिन्हींत अडकली. न कडेवाल्या चार जणींतही अडकली. एक रिकामी पुंगळी करवतीने उभी चिरली, तर आत भिंतीला सगळीकडून खोबण पडलीय, तिथलं पितळ कागदाएवढं उरलंय. पण कारण काय?

जुना लेथवाला
डाय खांदा (मानेखालचा उतार) फार मागे ढकलतेय. गोळी सुटताना पुंगळीचा पुढचा भाग चेंबरला (नळीतली काडतूस बसायची जागा) चिकटतो, बुड बोल्टपर्यंत मागे सरकतं, मधलं पितळ ताणलं जातं. दर वेळी त्याच जागी. खांदा इंचाचे दोन हजारांश (०.००२) एवढाच मागे जायला हवा, गेजने मोजून डाय वर घ्या. पुंगळीची लांबीही मोजा, २.०१५ इंचाच्या वर जाऊ देऊ नका. म्हणूनच आकडा देत नाही. असल्या सेटिंगवर पाच फेऱ्यांतच संपतात. डाय नीट लावली तर दहाच्या पुढेही जातील, पण प्रायमर (बुडातली दारू पेटवणारी टोपी) सैल बसायला लागला की त्याच दिवशी बाद.

आधीच भरलेल्या काही आहेत का?

अधीर नेम
वीस. उद्यासाठीच. त्याच डायमधून काढलेल्या.

जुना लेथवाला
हे आधी सांगायचं होतं. त्या उडवू नका. गोळ्या उपसून पुंगळ्या आतून तपासा.

पितळवेडा
धुता कशाने ते राहिलंच.