गाडीत बंदूक ठेवून जेवायला उतरलं तर चालतं का? (अण्णांची बाराबोर, देवरुख ते कोल्हापूर)

देवरुखचा_पुणेकर

नमस्कार मंडळी, जरा लांबडं आहे पण वाचा. आमच्या अण्णांच्या नावावर दुनळी बाराबोर आहे, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. अण्णा आता 74 वर्षांचे, बंदूक गेली कित्येक वर्षं वाजलेली नाही, डुकरं येतात त्यांना आता फटाके आणि डबे बडवूनच हाकलतात, पण बंदूक जपलीय अगदी देवासारखी, दर दसऱ्याला तेलपाणी आणि हार. आता डाव्या नळीची पिन (काडतुसावर आपटून बार उडवते ती) नीट मारत नाही, ती कोल्हापूरच्या दुकानात दाखवायचीय, आणि डिसेंबरमध्ये परवाना संपतोय म्हणून रत्नागिरीला कलेक्टर ऑफिसला पण न्यायचीय.

प्रश्न गाडीचा आहे. माझी हॅचबॅक, म्हणजे डिकी वेगळी अशी नाहीच, मागच्या सीटमागे तो पार्सल ट्रे तेवढा. वाटेत साखरप्याला नाहीतर घाट चढून गेल्यावर जेवायला थांबणार, अण्णांना परत येताना ज्योतिबालाही जायचंय, म्हणजे गाडी पार्क आणि बंदूक आत असं दोन-तीनदा होणारच. हे कायद्याने चालतं का, आणि चालत असेल तर ठेवायची कशी?

विचारायचं कारण म्हणजे 2024 च्या इलेक्शनला हत्यारं जमा करायची होती तेव्हा मी आणि अण्णा ती पोलीस ठाण्यात घेऊन चाललो होतो. जुन्या चादरीत गुंडाळून मागे आडवी टाकलेली. वाटेत हॉटेलवर चहाला उतरलो, तिथल्या पार्किंगच्या पोराने मागच्या गाडीला वाट पाहिजे म्हणून चावी मागितली, मी बोलता बोलता देऊन टाकली. चहा संपवून बाहेर येतो तर गाडी जागेवर नाही!! पोटात गोळाच आला. पोराने ती पार टोकाला चिंचेखाली नेऊन लावलेली, आणि बघतो तर चादर सरकलेली आणि मागच्या काचेतून दोन्ही नळ्यांची तोंडं स्पष्ट दिसतायत. पोरगा काही बोलला नाही पण माझ्याकडे बघण्याची त्याची नजर बदलली होती एवढं नक्की. अण्णा घरी जाईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि ते बोलत नाहीत म्हणजे काय हे ओळखणारे ओळखतील.

बाराबोरवाला_सातारा

भाऊ आधी एक सांगा, परवाना काढून त्यावर कार्यक्षेत्र काय लिहिलंय ते बघितलंत का? शेती संरक्षणाचे जुने परवाने बहुतेक जिल्ह्यापुरते असतात. त्यावर रत्नागिरी जिल्हा असेल तर आंबा घाट चढून शाहूवाडीत शिरलात की तुम्ही जिल्ह्याबाहेर, मग गाडीला सात कुलपं लावा नाहीतर सत्तर, मुळातच अटीचा भंग. अटी मोडल्या तर शस्त्र कायद्याचं कलम 30 आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन हजार ऐकून लोक हसतात, पण खरा फटका कलम 17 चा, परवाना निलंबित किंवा रद्द. 74 व्या वर्षी तो परत मिळवायला किती चपला झिजतील त्याचा हिशेब करा.

आता गाडीचं. गाडीतल्या बंदुकीचं असं वेगळं कलम आपल्याकडे नाही. पण 2016 च्या शस्त्र नियमांत सार्वजनिक जागी हत्यार नेण्याबद्दल आहे, त्याचा मतितार्थ असा की लांब बंदूक तिच्यासाठी बनवलेल्या कव्हरात पूर्ण झाकलेली पाहिजे आणि नेणाऱ्याचा तिच्यावर प्रत्यक्ष ताबा पाहिजे. चादर म्हणजे कव्हर नव्हे 😅 आणि तुम्ही आत मिसळ खाताय, गाडी बाहेर, चावी पोराकडे, तर ताबा कुणाचा? पार्किंगवाल्याचा!

देवरुखचा_पुणेकर

बघितलं आत्ता. 'रत्नागिरी जिल्हा' असंच आहे 🤦 म्हणजे कोल्हापूरचं आधी कार्यक्षेत्र वाढवून घ्यायला लागणार. अजून एक, अण्णांची कंबर धरते, एवढा प्रवास झेपेल असं वाटत नाही. मी एकटाच नेली तर? मुलगाच आहे ना मी त्यांचा.

बाराबोरवाला_सातारा

मुलगा असून उपयोग नाही, कायद्याला नातं कळत नाही. पण सोय आहे. कलम 3 मध्येच म्हटलंय की परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस हत्यार नेऊ शकतो, आणि तेही तीनच कामांसाठी, दुरुस्ती, परवान्याचं नूतनीकरण, नाहीतर खुद्द परवानाधारकाच्या वापरासाठी. तुमची दोन्ही कामं त्यात बसतात. तेव्हा अण्णांच्या सहीचं पत्र, त्यात बंदुकीचा नंबर, परवाना नंबर, कशासाठी नेतोय, कुठे, कोणत्या तारखेला हे सगळं लिहा आणि मूळ परवाना सोबत ठेवा. पत्र नसेल तर तुम्ही विनापरवाना हत्यार बाळगणारे, 2019 च्या कायदादुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. आणि पत्र तुमच्या नावाचं आहे, गाडीच्या नाही हे लक्षात ठेवा, तुम्ही उतरून गेलात की ते पत्र तुमच्या खिशात आणि बंदूक वाऱ्यावर.

त्याच कायदादुरुस्तीने परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन हत्यारं. तुमच्याकडे एकच आहे, तो विषय नाही.

मुंबैचा_मोरू

कशाला एवढी उठाठेव, विकून टाका की राव. वाजत नाही, वाजवायची नाही, नुसता हार घालायचा 😂

देवरुखचा_पुणेकर

मोरूशेठ तुम्ही या एकदा आमच्याकडे आणि हे अण्णांच्या तोंडावर बोलून दाखवा, जेवण माझ्याकडून.

निवृत्त_जमादार

पुणेकर, चादरीचं वाचून हसू पण आलं आणि काळजी पण वाटली. नोकरीत असताना बघितलेली गोष्ट सांगतो, नाव गाव सांगत नाही. एक बागायतदार, परवाना चोख, माणूस सज्जन. लग्नाला चालला होता, हॉलवर बंदूक नेता येत नाही एवढं त्याला कळत होतं म्हणून त्याने जीपमध्ये सीटखाली ठेवली आणि गेला अक्षता टाकायला. बाहेर आला तर काच फुटलेली. चोराला बंदूक नकोच होती हो, तो आला होता बॅग आणि मोबाईल चार्जरसाठी, सीटखाली हात घातला आणि लॉटरी लागली. वर ह्या शहाण्याने काय केलं, तर घाबरून तीन दिवस गप्प बसला, स्वतःच शोधत फिरला. अहो चोरी झाली की ताबडतोब जवळच्या ठाण्यात कळवायचं ही परवान्याचीच अट आहे. चोरीपेक्षा त्या तीन दिवसांनी त्याचा घात झाला, प्रत्येक साहेब पहिला प्रश्न तोच विचारायचा.

तेव्हा माझं मत सरळ आहे, गाडी म्हणजे तिजोरी नाही. दोघं जा. एक जण जेवेल, दुसरा गाडीत बसेल, मग अदलाबदल. इलाजच नसेल, लघवीला पाच मिनिटं उतरायचं असेल, तर गाडी नजरेसमोर लावा, चावी कुणाला द्यायची नाही, पार्किंगवाल्याला नाही, पंक्चरवाल्याला नाही, गॅरेजला तर मुळीच नाही. आणि डिकी उघडून सामान लावालावी जी करायची ती घरून निघतानाच, हॉटेलच्या दारात उभं राहून नको. चार लोक बघतच असतात.

मुक्कामाचं विचारलं नाहीत पण सांगून ठेवतो, रात्री गाडीत ठेवायची नाही म्हणजे नाही. खोलीत आपल्यापाशी.

बाराबोरवाला_सातारा

जमादार साहेबांना शंभर टक्के अनुमोदन. त्यात थोडी भर, दुनळी आहे म्हणून सांगतो. निघण्यापूर्वी बंदूक मोडा (म्हणजे उघडा हो, नाहीतर मोरू म्हणेल मोडीत काढा), दोन्ही घरं (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) रिकामी आहेत ना ते डोळ्याने आणि करंगळीने दोन्हीने बघा. वर्षानुवर्षं न वाजलेल्या बंदुकीत जुनं काडतूस अडकून राहिलेलं मी स्वतः पाहिलंय. मग नळीखालची लाकडी हातपट्टी काढली की नळी आणि दस्ता वेगळे होतात, तीन तुकडे. अख्खी बंदूक हॅचबॅकमध्ये तिरकी ठेवावी लागते आणि काचेला टेकते, सुटी केली की नळीएवढ्या लांबीच्या पेटीत बसते आणि ट्रेखाली दिसतही नाही. पेटी कडक, कुलपाची घ्या. नळीतून केबल लॉक ओवा आणि केबलचं दुसरं टोक सीटच्या लोखंडी फ्रेमला. काडतुसं त्या पेटीत नाही, वेगळ्या डब्यात, तुमच्यापाशी. दुरुस्तीला चाललाय तर तशी काडतुसं न्यायची गरजच काय म्हणा.

काही जण ती हातपट्टी खिशात घेऊन उतरतात, म्हणजे पेटी गेली तरी बंदूक अर्धवट. युक्ती वाईट नाही.

निवृत्त_जमादार

युक्ती बरी, पण कायद्याच्या व्याख्येत सुटे भागसुद्धा हत्यारातच येतात हे विसरू नका. खिशात नुसता लाकडाचा तुकडा तर आहे म्हणून परवाना गाडीत ठेवून उतरू नका, मागितला तर दाखवायला लागतो. आणि पेटी गेली तर 'पण हातपट्टी माझ्याकडे आहे साहेब' असं ठाण्यात येऊन सांगू नका, कोणी शाबासकी देणार नाही.

घाटातला_गडी

मी आंबा घाटातलाच. दोन गोष्टी. एक म्हणजे घाटात रात्री जाऊ नका. इकडे जंगल आहे, गवे रस्त्यावर येतात, फॉरेस्टवाले फिरत असतात, आणि रात्री कडेला गाडी लावलेली आणि आत बाराबोर म्हटल्यावर शिकारी समजूनच बोलणं सुरू होतं. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरायला 1972 च्या वन्यजीव कायद्याची बंदी आहे, कलम 31, तिथे तुमचा शेतीचा परवाना दाखवून भागत नाही. सरळ हायवेने दिवसाउजेडी या आणि जा, सनसेट पॉइंट वगैरे लाड नकोत.

दुसरं ज्योतिबाचं. परवान्याच्या मागे अटी वाचा, जत्रा, धार्मिक मिरवणूक, लोकांचा जमाव, शाळा कॉलेजचं आवार इथे हत्यार न्यायचं नाही. चैत्र पौर्णिमेला तर डोंगरावर मुंगीला जागा नसते, पण रविवारी पण काही कमी गर्दी नसते. डोंगराचं नाव वाडी रत्नागिरी आहे म्हणून तो रत्नागिरी जिल्ह्यात धरला जाणार नाही 😄 दर्शन वेगळ्या दिवशी करा. ज्योतिबा समजून घेईल.

डेन्व्हरची_वहिनी

विषय वेगळा देश वेगळा पण राहवलं नाही म्हणून लिहिते. आम्ही कोलोरॅडोत असतो, ह्यांना शूटिंग रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) जायचा नाद (ग्रीन कार्ड झाल्यावर हं, एच वन बीवर असताना हंटिंग लायसनसारखा एखादा अपवाद सोडला तर बंदूक जवळ बाळगताच येत नाही, हे इथल्या कितीतरी देशी लोकांना माहीत नसतं). तर इकडे 1 जानेवारी 2025 पासून कायदाच झालाय, माणूस नसलेल्या गाडीत पिस्तूल ठेवायचं तर कडक कुलूपबंद पेटीत, बाहेरून दिसणार नाही असं, आणि गाडीही लॉक पाहिजे. लांब बंदुकीला मऊ बॅग चालते पण ती कुलपाची, आणि शिवाय बंदुकीला वेगळं लॉक. कॅलिफोर्नियात तर 2017 पासूनच आहे, हजार डॉलरपर्यंत दंड, आणि तिथे डॅशबोर्डचा कप्पा कुलपाचा असला तरी पेटी म्हणून धरत नाहीत. 2015 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका सरकारी अधिकाऱ्याचं पिस्तूल उभ्या गाडीची काच फोडून चोरलं आणि चारच दिवसांनी त्याच पिस्तुलाने धक्क्यावर वडिलांबरोबर फिरणारी एक तरुणी गेली. तेव्हापासून आमच्याकडे रेंजवरून येताना किराणा घ्यायला थांबणं बंद, आधी घरी, मग भाजी. हे कुरकुरतात, कुरकुरू देत.

देवरुखचा_पुणेकर

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय. कोल्हापूर तूर्त रद्द. कार्यक्षेत्र वाढवून मिळावं म्हणून अर्ज टाकला, तिथल्या टेबलावरच्या बाईंनी दुरुस्तीचं कारण सविस्तर लिहायला सांगितलं. त्याच दिवशी रत्नागिरीला नूतनीकरणासाठी बंदूक दाखवून आणली. पेटी घेतली, केबल लॉक घेतलं, जमादार काकांनी सांगितल्याप्रमाणे सगळं घरच्या पडवीतच भरलं. घरं बघायला मी करंगळी घातली तर अण्णा म्हणाले, बाजूला हो, मी बघतो, आणि स्वतः दोनदा बघितलं.

मी अधिकारपत्र टाइप करून प्रिंट मारून ठेवलं होतं. अण्णांनी चष्मा लावून वाचलं, सही केली, आणि मग म्हणाले मी पण येतो. कंबरेचा पट्टा बांधून आले. येताना हॉटेलवर थांबलो तर ते काही उतरले नाहीत, गाडीतच मागे पेटीला टेकून बसले, मी म्हटलं मी बसतो तुम्ही जा, तर म्हणे तू मागल्या खेपेला चावी दिलीवतीस. शेवटी मिसळ बाहेर नेऊन दिली. पहिल्याच घासाला रस्सा सांडला पेटीवर, अजून घरात तर्रीचा वास येतोय.