आधी पाणी बघा, मग साबण
गाडीची काच पुसल्यावर उन्हात पांढरे पट्टे दिसतात, असं तुम्ही म्हणताय आणि वरच्या उत्तरांत बहुतेकांनी साबण बदलायला सांगितलंय. मी म्हणेन, आधी पाणी बघा. इथं कोल्हापुरात आम्ही बोअरच्या पाण्यानं गाडी धुतो. थेंब वाळला की तिथं क्षाराचा डाग राहतोच. म्हणून शेवटचा हात मी आरओच्या पाण्याचा देतो, तांब्याभर पुरतं. आणि गाडी सावलीत, काच थंड असतानाच.

उसाच्या गळीत हंगामात साखर कारखान्याच्या बाजूला गाडी लावली असेल तर काचेवरची काजळी कोरडी पुसू नका, चरे पडतात. भरपूर पाणी ओतून ती आधी वाहू द्या.

खरी मेख आतल्या बाजूला आहे. उन्हात डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून वाफ सुटते, तिचा तेलकट थर काचेवर बसतो. करूळ घाटात रात्री समोरून दिवे आले की तो थर चमकतो आणि वळणच दिसत नाही. त्यामुळे हे नुसतं चकाचक दिसण्यासाठी नाही हो.

मायक्रोफायबरची दोन फडकी घ्या. एक ओलसर, दुसरं कोरडं ठणठणीत. क्लीनर फडक्यावर मारा, तोही थोडाच. आतून आडवा हात, बाहेरून उभा, म्हणजे राहिलेला पट्टा कुठल्या बाजूचा ते लगेच कळतं. काच दोन बोटं खाली घेऊन वरची कडही पुसा, ती सगळे विसरतात. फडकी धुताना फॅब्रिक सॉफ्टनर मात्र अजिबात नको, त्याचाच थर काचेवर येतो.