बांध आणि त्यावरचं गवत इंग्रजीत लिहिताना

'बांधावरचं गवत' इंग्रजीत कसं लिहायचं या प्रश्नावर बहुतेक जण 'बाउंडरी' सुचवतात. मला ते पटत नाही. बाउंडरी म्हणजे मोजणीच्या नकाशातली हद्द. ती वाचून ढोपरभर वाढलेलं गवत किंवा त्यावरून जाणारी पाऊलवाट डोळ्यासमोर येत नाही.

आपल्या बांधाला 'बंड' (bund) हाच शब्द ठेवा, तो इंग्रजी कोशांत आहे. परदेशी वाचक असेल तर पहिल्यांदा 'अ लो अर्थन बंड, थिक विथ ग्रास' लिहा, पुढे नुसतं 'बंड' चालेल.

कुणी 'हेज'ही सुचवतं. ती झुडपांची जिवंत कुंपणं. इंग्लंडमध्ये शेतांच्या कडेच्या अशा जुन्या रांगांना 'हेजरो' म्हणतात. १९९७ च्या नियमांनुसार त्यातल्या बऱ्याचशा रांगा काढण्याआधी स्थानिक प्रशासनाला कळवावं लागतं. आपल्या मातीच्या बांधाला तो शब्द लावला तर चित्रच बदलतं. शेताच्या टोकाला नांगर वळवायला सोडलेली पट्टी 'हेडलँड', पण समुद्रात घुसलेल्या भूशिरालाही तेच नाव, म्हणून संदर्भ हवाच.

रस्त्याकडेच्या गवताचं तर देशागणिक वेगळं. ब्रिटनमध्ये 'व्हर्ज', ऑस्ट्रेलियात 'नेचर स्ट्रिप', न्यूझीलंडमध्ये 'बर्म'. गोष्ट जिथे घडते तिथलाच शब्द घ्या. साताऱ्याच्या रस्त्याकडेला 'नेचर स्ट्रिप' वाचताना फार खटकेल. तिथे साधं 'द ग्रास बाय द रोड' उत्तम.